दोरी पायाला कळते

अन्याय झाला तो आमच्या कबड्डीच्या पंचांवर. मागच्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतर आलेल्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला. दोन माणसं भाईंदरजवळच्या समुद्राकाठच्या डोंगरी गावात त्यांच्या घरी आली, दाराला खळ फासली आणि एक कागद चिकटवून निघून गेली. पंचांच्या बायकोला आधी वाटलं, डोळ्यांच्या फुकट शिबिराची जाहिरात असेल. कागदावर लिहिलं होतं की गावच्या मोकळ्या जागेवर अतिक्रमण करणाऱ्यांची यादी खालीलप्रमाणे. खाली एकच नाव होतं. पंचांचं.

ज्या जागेची ही गोष्ट, ती जागा त्यांनी चाळीस वर्षं झाडली होती. तिथले दगड वेचले होते, खड्डे बुजवले होते, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा हाताने उचलल्या होत्या. यादीत त्यांचं नाव.

मी पत्रकं लिहिते. पाणी, कचरा, बंद पडलेली बस, जे काय असेल ते. छापायची आणि शांती नगरच्या सोसायट्यांमध्ये दारोदार वाटायची. हेही पत्रक म्हणूनच लिहायला बसले होते. पण पत्रक एका पानाचं असतं, आणि मी या माणसाचं देणं एवढं लागते की पान संपलं तरी मी अजून त्यांच्या शिट्टीपर्यंतच पोचले होते. म्हणून हे मोठं लिहितेय.

त्यांची माझी ओळख मासळीमुळे झाली. त्यांची बायको आमच्या बिल्डिंगच्या गेटजवळ मासे विकायला बसायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. मी तेव्हा सातवीत होते. बिल्डिंगमधल्या एका मुलाने माझी चप्पल पळवली, मी त्याला गेटजवळ गाठलं, पाय धरून खाली पाडलं आणि चप्पल मिळेपर्यंत सोडलं नाही. आई वरून ओरडत खाली आली. मावशी पापलेट साफ करत होती, तिने सुरीसुद्धा खाली ठेवली नाही.

"वहिनी, ओरडू नका. पोरीनं घोटा कसा धरलाय ते बघा."

"अहो मावशी, मुलगी आहे ती."

"मग काय झालं? मुलींना घोटं नसतंत काय? रविवारी हिला माझ्याकडं पाठवा. आमच्या म्हाताऱ्याला खेळाचं येड हाय, आणि त्याला गडी मिळत न्हाय. येताना सुकट बांधून देईन तुम्हाला."

आई महाडकडची, सुकटीवर तिचा जीव. मी आजही तिला चिडवते की सुकटीच्या पुडीवर तू मुलगी दिलीस. ती म्हणते, "वजन बघून दिली." तर अशी मी एका रविवारी बस पकडून डोंगरीला गेले आणि पुढची सगळी वर्षं जात राहिले.

मैदान म्हणजे खरं तर बोंबील वाळवायची जागा. पावसाळा संपला की तिथे बांबू उभे राहायचे, आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि त्यावर बोंबील जोडीजोडीने लटकायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, बांबू काढून ठेवलेले, जागा रिकामी. तेव्हा ती आमची. म्हणजे जगात कबड्डीचा हंगाम कधीही असो, आमचा आषाढात सुरू व्हायचा आणि होड्या पाण्यात गेल्या की संपायचा. बांबूंचे खड्डे काका स्वतः वाळूने भरायचे. मी त्यांना काका म्हणायचे, गाव पंच म्हणायचं.

आता दोरीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पावसात चुन्याची रेषा टिकत नाही. पहिल्या डावातच चिखल होतो, मग भांडणं. काकांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. होडीवरची जुनी, झिजलेली दोरी घ्यायची, ताणून जमिनीत अर्धी पुरायची आणि दर दोन हातांवर लाकडी खुंटी मारायची. मधली रेषा, बाजूच्या रेषा, मागची रेषा, सगळं दोरीचं. दोऱ्या आणि खुंट्या ठेवायला मैदानाच्या कोपऱ्यात जुन्या होडीच्या फळ्यांची एक पेटी केलेली होती. माणूस आत वाकून बसेल एवढी. वर निळं प्लास्टिक.

पहिल्या दिवशीच त्यांनी मला बूट काढायला लावले.

"अनवाणी उभी राह. दोरीवर पाय ठेव. कळली?"

"कळली."

"आता डोळं मीट आणि ठेव. कळली?"

"कळली."

"चुना डोळ्यांना दिसतो. दोरी पायाला कळते. मला एक डोळा तिकडं, एक डोळा हिकडं, सगळं दिसंल असं न्हाय. पण तुला कळलंय. तुला कळलं की माझी शिट्टी वाजायच्या आधी तुझा हात वर. न्हाय केलास तर उद्या येऊ नको."

हा त्यांच्या मैदानाचा कायदा होता. पाय दोरीला लागला, की आपणच हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. बाहेरगावचे संघ आले की हसायचे. म्हणायचे, इकडे पंचाला पगार कशाचा? काका म्हणायचे, "पगार न्हाय, तेच बरं हाय."

पोटापाण्यासाठी ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. बाकीचा सगळा माणूस खेळाचा. पेपर मागच्या पानापासून वाचायचे आणि पहिल्या पानापर्यंत क्वचितच पोचायचे. दुसऱ्याची वळकटी उशाला घेऊन होडीवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे आणि विकेट पडली की इंजिन बंद करायचे, कारण आवाजात नीट कळत नाही. एकदा भाईंदरला डॉक्टरकडे निघाले होते, वाटेत टेनिस बॉलच्या मॅचला शेवटची तीन षटकं बाकी होती, बसमधून उतरले आणि डॉक्टर राहिलाच. गळ्यात शिट्टी कायम. लग्नाला गेले तरी कोटाच्या आत शिट्टी. गणपतीत बायकांची संगीत खुर्ची असायची, तिथेही हे पंच, आणि तिथेही तेवढेच कडक. एका वर्षी स्वतःच्या बायकोला बाद केलं. मावशी म्हणाली, "घरी ये, मग तुला खुर्ची दाखवते." ते म्हणाले, "घरी काय ते घरी. हिकडं तू बाद हायस."

टीव्हीवर कबड्डीचे मोठे सामने सुरू झाले तेव्हा आम्हाला वाटलं ते खूश होतील. ते समोर बसून पंचांनाच बघायचे. "बघ, बघ, कसा वाकून बघतोय. बिचारा." त्यांना गादीवरच्या त्या पंचांची दया यायची. सगळं त्यांनाच बघावं लागतं म्हणून.

मी चांगली खेळायला लागले. पकड माझी. दहावीत असताना भाईंदरच्या एका मंडळाचा मुलींचा संघ आमच्याकडे आला. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. त्यांची उंच मुलगी दम घेत आत आली, मी मागे सरकले, ती वळली आणि मी घोटा धरला. ती पडली, आमच्या मुली वरून आल्या, ती गेली. सगळं मैदान नाचायला लागलं. पण पकडीच्या आधी माझी टाच मागच्या दोरीवर पडली होती. काका समोरच्या बाजूला होते. त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, शिट्टी तोंडात धरून मधल्या रेषेकडे बघत होते. मला अजून वाटतं की त्यांनी मुद्दाम नजर दिली नाही. मी हात वर केला.

आम्ही हरलो. आमची कप्तान बसस्टॉपपर्यंत मला शिव्या घालत आली. "येडी आहेस का तू? कोणी बघितलं होतं?"

"कोणीच नाही."

"मग?"

मागून काका सायकल ढकलत आले. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. ते म्हणाले, "मावशीनं बोंबील तळलंत. खाऊन जा सगळ्या. आणि तू, रडायचं तर आता रड, जेवताना न्हाय." जेवताना ते माझ्या शेजारी बसले आणि कालवण वाढता वाढता एवढंच म्हणाले, "बाद झालेला काय मेलेला नसतो. आपल्यातल्या कुणी त्यांचा गडी टिपला की बाहेरचा आत येतो. म्हणून हात वर करायला भ्यायचं न्हाय. आपली माणसं खेळतायत ना आत."

मैदानाच्या समुद्राकडच्या बाजूला एक रिसॉर्ट झालं. आधी कुंपण, मग भिंत, मग भिंत थोडी पुढे. रविवारी मुंबईकडून गाड्या यायला लागल्या आणि रिसॉर्टमध्ये जागा संपली की मैदानावर लागायला लागल्या. काकांनी पहिल्या वर्षी भांडण केलं नाही, शिट्टी वापरली. एक पांढरी गाडी मैदानात आली, तिचं पुढचं चाक दोरीवर थांबलं. काकांनी शिट्टी फुंकली, हात आडवा केला आणि जाहीर केलं, "गाडी बाद."

काच खाली आली. "क्या हुआ अंकल?"

"पाय रेषेवर हाय."

"किसका पैर?"

"गाडीचा."

तो माणूस उतरला, वाकून दोरी बघितली, हसला आणि गाडी मागे घेतली. खेळ बघत उभाही राहिला. त्या वर्षी असं चाललं. पुढच्या वर्षी गाड्या वाढल्या आणि हसणारे कमी झाले.

तेव्हा मी कॉलेजात होते, पत्रकं लिहायला लागले होते. त्या भिंतीबद्दलचं पहिलं पत्रक मी लिहिलं. "मैदानाची वीस फूट जागा गिळली." पाचशे प्रती छापून डोंगरीला घेऊन गेले. काकांनी वाचलं, चष्मा काढला.

"वीस कुणी मोजलं?"

"अंदाजे आहे काका. दिसतंच ना."

त्यांनी पेटीतून दोरी काढली. त्यांना जुनी खूण माहीत होती, एक पुरलेला दगड. तिथून भिंतीपर्यंत मोजलं. अकरा फूट.

"अकरा लिही."

"काका, छापून झालंय. आणि अकरा काय, वीस काय, चोरी ती चोरीच."

"वीस लिहिलंस तर ते येऊन मोजतील, वीस खोडतील, आणि आपलं अकरा पण त्यात जातील."

त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही पाचशे प्रतींवर पेनाने वीस खोडून अकरा केलं. मावशी वाटाणे सोलत होती, तीपण मदतीला आली. तिला अक्षरओळख बेताची, पण इंग्रजी आकड्यातलं अकरा म्हणजे दोन काठ्या, ते जमलं. माझ्या पत्रकांवर नंतर पुष्कळ लोक चिडले, पण आकडा चुकला असं कोणाला म्हणता आलेलं नाही. हे शिक्षण मला कुठल्या संघटनेने दिलं नाही, इंजिन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने दिलं.

त्या पत्रकांमुळेच सुनावणी लागली. मागच्या वर्षी, आषाढाच्या शेवटी, शाळेच्या हॉलमध्ये. मी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. कोणी मध्ये बोलायचं नाही, मी बोलणार, माझ्याकडे मोजमाप आहे, जुने फोटो आहेत. अतिक्रमण खात्याचे साहेब आले, सोबत एक क्लार्क. टेबलावर फायली. पहिल्या रांगेत रिसॉर्टचा मॅनेजर बसला होता. मैदानाच्या कडेला ज्याने पत्र्याची शेड टाकली होती, तोही मागच्या रांगेत बसला होता. साहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "या जागेवर कोणाकोणाचं बांधकाम आहे?"

मॅनेजर मोबाईल बघत होता. शेडवाला पंख्याकडे.

काकांचा हात वर गेला.

"माझी पेटी हाय. दोऱ्या ठेवायची."

मी त्यांच्या शर्टाची बाही ओढली. हात खाली आला नाही. क्लार्कने मान वर केली, नाव विचारलं, लिहून घेतलं. एक नाव मिळालं की अशा माणसांचं काम किती हलकं होतं ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. मी भिंतीबद्दल बोलले, फोटो दाखवले. साहेब म्हणाले, भिंतीची मोजणी वेगळ्या खात्याकडे, अर्ज करा. सुनावणी संपली.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. शाळेच्या पायऱ्यांवर, गावासमोर. असं आयुष्यात पहिल्यांदा.

"कशाला हात वर केलात?"

"विचारलं ना त्यांनी."

"त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं काका."

"हां," ते म्हणाले. "मला वाटलं, एकानं केला की बाकीचं करतील."

एवढीच त्यांची चूक. आमच्या मैदानावर वाढलेला कोणीही हीच चूक करेल. मला त्यांचा राग आला आणि मी नारळी पौर्णिमेपर्यंत डोंगरीला गेले नाही. मग तो मंगळवार आला, मावशीचा फोन आला, मी गेले तर दारावर कागद.

मी लगेच उत्तर लिहायला बसले. पेटी मंडळाची आहे, व्यक्तीची नाही, असं. काकांनी वाचलं आणि सही केली नाही.

"पेटी माझी हाय. फळ्या माझ्या होडीच्या."

"एवढंच खोटं लिहा ना. तुमचं नाव निघेल."

"वीसचं अकरा केलंस ते विसरलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने पेटी मोडली. एकेक फळी सुटी केली, खिळे सरळ करून डब्यात ठेवले, दोऱ्या गुंडाळून घरी नेल्या. मी फोटो काढले. मग त्यांनी माझ्याकडे आयुष्यातली एकच गोष्ट मागितली. "पेटी काढली, जागा मोकळी, असा कागद त्यांच्याकडून लिहून आण. मी बाहेर बसायला तयार हाय. पण मी रेषेच्या आत परत आलो हे कुठंतरी लिहिलेलं पाहिजे."

मी अर्ज दिला. सांगितलं गेलं की पाहणी होईल, जागा मोकळी दिसली की नाव वगळू. पितृपक्ष गेला, दसरा गेला. काका दर रविवारी विचारायचे, "आला काय?" मी म्हणायचे, येतोय. त्यावर ते विषय बदलून कुठल्यातरी मॅचचा स्कोअर सांगायचे. मला बरं वाटावं म्हणून, हे मला आता कळतं.

दिवाळीनंतर एका सकाळी ते इंजिनाचं काम करत असताना बसले आणि उठले नाहीत. मी पोचले तेव्हा मावशीने शिट्टी काढून पदराला बांधली होती. भाईंदरचा तो संघ आला होता, ती उंच मुलगीही. आता तिच्या कडेवर बाळ आहे. मला म्हणाली, "तुझ्या त्या हात वर करण्यामुळे मी त्यांना विसरले नाही. आम्ही जिंकून गप्प परत गेलो होतो त्या दिवशी." शेडवाला खांदा द्यायला आला. काकांनी मला कोणाला खांद्यावरून हटवायला शिकवलेलं नाही.

पाहणी झाली ती नाताळच्या सुट्टीत. त्या दिवसांत आमच्याकडे रोजच रविवार असतो. क्लार्क आला, मी अर्जाची प्रत आणि फोटो घेऊन बोंबलांच्या बांबूंमधून वाट काढत कोपऱ्यात गेले. जिथे पेटी होती, बरोबर तिथे, एक लाल गाडी उभी. मागच्या काचेत उशी आणि पाण्याच्या बाटल्या. मी हाका मारल्या, रिसॉर्टमध्ये जाऊन नंबर सांगितला, तिथून कोणीतरी ओरडलं, "दो मिनिट मॅडम, बस निकल रहे हैं." क्लार्क पंधरा मिनिटं थांबला, हे मी मान्य करते. मग त्याने लिहिलं, "जागा व्यापलेली आढळली." आणि यादीत नाव तसंच ठेवलं. गाडी कोणाची, हे लिहायचा रकाना त्याच्या कागदात नव्हता.

म्हणजे आज हे लिहीत असताना, कागदोपत्री, डोंगरीच्या मैदानावर अतिक्रमण करणारा एकच माणूस आहे, आणि तो हयात नाही. भिंत अकरा फूट पुढेच आहे. भिंतीचं मी बघून घेईन, तो अर्ज चालू आहे, त्यात एक इंचही जास्त लिहिलेला नाही.

मावशी अजून गेटवर बसते. परवा मला म्हणाली, "दोऱ्या घरात पडल्यात. आषाढात कोण पुरणार?" मी म्हटलं मी. ती म्हणाली, "बूट काढून ये." मला या घराने घोटा धरायला शिकवलं, आकडा खरा लिहायला शिकवलं, जेवताना रडू नको हेही शिकवलं. याची परतफेड नसते. एक कागद तेवढा मला आणून द्यायचा आहे.

पुन्हा पाहणी मेच्या सुट्टीत होणार आहे. आणि मेच्या सुट्टीत तुम्ही समुद्रावर येता. बेव्हर्ली पार्कवरून येता, बोरिवलीवरून येता, मुलांना घेऊन येता, या. भजी खा. पण मैदानात गाडी घालण्याआधी खाली उतरा, चप्पल काढा आणि शिरताच उजवीकडे, पेटीच्या कोपऱ्यात पाय ठेवून बघा. तिथे मी दोरी पुरून ठेवणार आहे. पायाला लागेल.

नाताळात तिथे ज्याची लाल गाडी होती, त्याने हात वर करावा. ज्यांच्या इतर रंगांच्या होत्या, त्यांनीही. आणि गाडी काढा. दोन मिनिटांत नाही, आत्ता.